उसनी सुटी

जपानी भाषेत ‘होकुओ’ असा एक शब्द आहे. ‘होकु’ म्हणजे उत्तर आणि ‘ओ’ म्हणजे युरोप. भूगोलाच्या पुस्तकात त्याचा अर्थ स्वीडन, नॉर्वे, फिनलंड, डेन्मार्क एवढाच. पण टोकियोच्या दुकानांत हा शब्द लाकडी खुर्चीवर, कपबशीवर, लोकरीच्या पांघरुणावर, दिव्याच्या शेडवर असा जागोजागी चिकटवलेला दिसतो आणि तो चिकटला की वस्तूची किंमत वाढते. आपल्याकडे ‘गावरान’ हा शब्द तुपासाठी आणि कोंबडीसाठी जे काम करतो, ते तिकडे ‘होकुओ’ घरातल्या सामानासाठी करतो. गेल्या काही वर्षांत हा शब्द घराबाहेर पडून डोंगरात गेला आहे. देवदारासारख्या उंच, सरळसोट ‘सुगी’ वृक्षांच्या उतारावर तांबड्या रंगाच्या लाकडी खोल्या, शेजारी तंबू, लाकडावर तापणारे सौना-स्नानगृह, ओढ्याकाठी शेकोटी, असा सगळा सरंजाम मांडून ‘या, उत्तर युरोपातल्यासारखी सुटी घालवा’ असे आमंत्रण दिले जाते.

अशाच एका ठिकाणी गेल्या नोव्हेंबरात मी दोन दिवस राहिलो. भाची आणि तिचा नवरा टोकियोच्या निशी-कासाई भागात राहतात. संगणकाच्या नोकऱ्यांमुळे तिथे भारतीयांची वस्ती इतकी झाली आहे, की हिंग शोधायला हिंडावे लागत नाही. ‘मामा, देवळं सगळे बघतात, तू हे बघ,’ असे म्हणून भाचीने परस्पर आरक्षण करून टाकले. त्या ठिकाणाचे नाव देत नाही. माझी तक्रार काही नाही आणि जाहिरातही करायची नाही. एवढेच सांगतो, की दोघांच्या एका रात्रीचे भाडे मी बँकेत लागलो त्या वर्षीच्या माझ्या एकूण पगाराहून अधिक होते.

इकेबुकुरो स्थानकातून सेइबू रेल्वेने निघाले की तासाभराच्या आत हान्नो येते. सायतामा प्रांतातले हे शहर डोंगराच्या अगदी पायथ्याशी आहे. उत्तर युरोपशी त्याचा संबंध जुळला तो एका लेखिकेमुळे. फिनलंडमध्ये राहून स्वीडिश भाषेत लिहिणाऱ्या तोवे यान्सन यांनी मूमिन नावाचे पांढरे, गोलमटोल, पाणघोड्यासारखे दिसणारे प्राणी निर्माण केले. जपानी मुलांना ते दूरचित्रवाणीवरच्या चित्रमालिकांतून घरच्यासारखे झाले. हान्नोच्या नगरपालिकेने यान्सनबाईंच्या संमतीने त्या धर्तीवर मुलांची एक बाग केली. ती १९९७ मध्ये उघडली आणि आजही तिथे प्रवेश फुकट आहे. पुढे शेतीच्या पाण्यासाठी बांधलेल्या मियाझावा तलावाकाठी २०१८ मध्ये ‘मेत्सा’, म्हणजे फिनिश भाषेत ‘अरण्य’, नावाचे खेडे वसवले गेले. २०१९ मध्ये त्याला लागून मूमिनांचे तिकीटवाले उद्यान आले. आमचे ठिकाण याहून बरेच आत होते. हान्नोहून बसने नदीच्या कडेकडेने पाऊण तास गेले की नागुरीची दरी येते. नागुरी हे २००५ पर्यंत स्वतंत्र खेडे होते, आता ते हान्नोतच मोडते.

तिथे काय होते ते आधी सांगतो, कारण मला ते आवडले. सौनाची खोली जेमतेम सहा माणसांची. कोपऱ्यात लोखंडी चूल, तिच्यावर दगडांचा ढीग. पळीने दगडांवर पाणी ओतले की वाफेचा एक लोट अंगावर येतो. फिनिश लोक त्याला ‘लोयलू’ म्हणतात. अंग सहन करेनासे झाले की बाहेर पडून ओढ्यात बुडी मारायची आणि मग खुर्चीत आकाशाकडे बघत निपचित पडून राहायचे. या तिसऱ्या अवस्थेसाठी जपान्यांनी स्वतःचा एक शब्द रूढ केला आहे : ‘तोतोनोऊ’. नीट जुळून येणे, तंबोरा सुरात लागणे, असा काहीसा त्याचा भाव. पासष्टीच्या घरातल्या माणसाने नोव्हेंबरातल्या ओढ्यात उतरावे की नाही यावर भाचीचे आणि माझे मतभेद झाले. मी गुडघ्यापर्यंत उतरलो. तंबोरा अर्धा लागला.

फिनलंडची लोकसंख्या पंचावन्न लाखांच्या आसपास आणि तिथल्या सौनांची संख्या तीस लाखांच्या घरात. म्हणजे माणशी नाही तरी घरटी एक धरायला हरकत नाही. २०२० मध्ये युनेस्कोने या प्रथेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. जपानमध्ये सौना १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या सुमारास माहीत झाला. पुढे कितीतरी वर्षे तो शेवटची गाडी चुकलेल्या कारकुनांचा, शहरातल्या हमामखान्यांचा भाग होता. तरुण मुलींनी डोंगरात जाऊन पैसे देऊन घाम गाळावा, ही गोष्ट अलीकडची. आमच्या वेळेला टोकियोच्या एका कचेरीतल्या चार मैत्रिणी आल्या होत्या. दारावर पाटी होती : प्रत्येक गटाला नव्वद मिनिटे. त्यांचा वेळ संपायला पाच मिनिटे राहिली तेव्हा सेवकाने इतक्या अदबीने वाकून आठवण केली, की घड्याळाचा राग यावा तरी कुणावर?

सरपण फोडून रचायला तिथे एक आजोबा होते, सत्तरीच्या पुढचे. भाची त्यांना ‘ओजीसान’ म्हणत होती आणि दुभाष्याचे काम तिच्याकडेच होते. जन्म त्याच दरीतला, सारी हयात लाकूडतोडीत गेलेली. मी त्यांना सहज विचारले, की या तांबड्या खोल्यांचे लाकूड कुठले? ते हसले. खोल्या समुद्रापलीकडून सुट्या फळ्यांच्या रूपात आल्या, इथे फक्त जोडल्या. आणि इथले काय? त्यांनी हातातला ओंडका वर करून दाखवला. इथले म्हणजे सरपण.

बँकेत सदतीस वर्षे काढलेल्या माणसाला अशा उत्तरात लगेच ताळेबंद दिसतो. या दरीतल्या लाकडाला ‘निशिकावा’, म्हणजे ‘पश्चिमेकडच्या नदीचे’ लाकूड म्हणतात, कारण ते तराफे बांधून नदीवाटे एदोला, म्हणजे जुन्या टोकियोला जात असे. एदो हे लाकडी शहर आणि ते वारंवार जळत असे. शहर जळाले की दरीत पैसा येई. दुसऱ्या महायुद्धात जपानचे डोंगर उघडेबोडके झाले. त्यानंतर सरकारने सुगी आणि हिनोकी या दोन झाडांची लागवड देशभर करवून घेतली. जपानचा दोनतृतीयांश भाग जंगलाचा आहे आणि त्या जंगलातला सुमारे चाळीस टक्के, म्हणजे एक कोटी हेक्टरच्या आसपास, असा हाताने लावलेला आहे. पन्नास वर्षांची मुदत ठेवच म्हणायची ती! आजोबाने लावायचे, नातवाने तोडायचे. पण १९६४ मध्ये लाकडाची आयात पूर्ण खुली झाली. आधी अमेरिकेचे आणि आग्नेय आशियाचे लाकूड आले. पुढे फिनलंड, स्वीडन, ऑस्ट्रियाचे पांढरे स्प्रूस, पातळ फळ्या चिकटवून केलेल्या वाळक्या, सरळ खांबांच्या रूपात आले आणि जपानी घरबांधणीवाल्यांना ते पसंत पडले. सुगीचा भाव १९८० पासून उतरत गेला. २००२ मध्ये देशाच्या गरजेच्या एकपंचमांशापेक्षाही कमी लाकूड देशात निघत होते. ठेवीची मुदत भरली तेव्हा खिडकीवर घेणारा कुणी नव्हता. उभ्या राहिलेल्या त्या सुगीच्या परागांनी आज जपानमधल्या दर दहांपैकी जवळजवळ चौघांना वसंतात शिंका आणि डोळ्यांची आग होते. २०२३ मध्ये सरकारने दहा वर्षांत ही सुगीची जंगले वीस टक्क्यांनी घटवण्याचे ठरवले आहे.

म्हणजे ज्या मुलखांच्या लाकडाने या दरीचा धंदा बसवण्यात हात लावला, त्याच मुलखाच्या सुटीचा नमुना आणून दरी सावरायची, असा हा व्यवहार आहे. यात कुणाचा कावा नाही. बाजार असाच चालतो. आजोबांनाही त्याचा विषाद दिसला नाही. तोडलेले लाकूड मिलला पोचवण्याचा खर्च त्याच्या किमतीहून जास्त असायचा, निदान इथे जाळायला तरी ते कामी येते, असे ते म्हणाले. मात्र सुगी भसकन जळून जाते, सौनाला ओकच बरा, हेही त्यांनी कारागिराच्या काटेकोरपणाने सांगितले.

परदेश उसना आणण्याचा जपानचा हा पहिला प्रयोग नव्हे, आणि याआधीच्या प्रयोगाचे बिल बँकांनी भरले आहे. १९८७ मध्ये तिथे विश्रामस्थळांच्या विकासाचा कायदा झाला. करसवलती, स्वस्त कर्जे, वर चढणाऱ्या जमिनींचे तारण. मग होक्काइदोत ग्रिमबंधूंच्या कथांचे जर्मन गाव आले, नागासाकीजवळ कालव्यांसकट हॉलंड आले, निइगाता प्रांतात १९९३ मध्ये घुमटांचे रशियन खेडे आले. या रशियन खेड्याच्या मागे उभी असलेली निइगाता चुओ ही प्रादेशिक बँक १९९९ मध्ये बुडाली. त्याच बँकेच्या पैशांवर फुजी पर्वताच्या पायथ्याशी १९९७ मध्ये उघडलेले गलिव्हरचे राज्य २००१ मध्ये बंद झाले. रशियन खेडे २००४ मध्ये गेले, जर्मन गाव २००७ मध्ये. हॉलंडने २००३ मध्ये न्यायालयाचे संरक्षण घेतले आणि पुढे नव्या मालकाच्या हाताखाली ते सावरले. आपल्याकडे मुळशीच्या खोऱ्यात इटलीतल्या पोर्तोफिनोच्या धर्तीवर उभारलेले शहर २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेले, तेव्हा मला त्या रशियन घुमटांची आठवण झाली होती.

नव्वदच्या दशकात कोकणातल्या एका शाखेत असताना माझ्या टेबलावरही विश्रामधामांचे प्रस्ताव येत. अर्जदार बदलत, पण ‘खोल्या भरण्याचे प्रमाण सत्तर टक्के’ हा आकडा कधी बदलत नसे. जून ते सप्टेंबर कोकणात काय पडते हे शाळकरी पोरालाही ठाऊक, तरीही सत्तर टक्के! त्या नजरेने मी नागुरीतले ठिकाण न्याहाळले आणि माझे मत चांगले झाले. सारे मिळून मूठभर खोल्या. तंबू उद्या गुंडाळून ठेवता येतील. कर्ज असलेच तर गावाला गळफास बसेल एवढे नसणार. भाजी दरीतली, सरपण दरीतले, कामाला पाच-सहा माणसे, त्यांतली दोन तरुण. ज्या गावात शाळेच्या पटावर मुले उरत नाहीत, तिथे दोन तरुण हा आकडा लहान नाही.

तेव्हा माझी शंका हिशेबाची नाही. तिथे उभे राहून मला प्रश्न पडला तो निराळाच. उत्तर युरोपातून नेमके काय आणले आणि काय तिथेच राहिले?

मोकळ्या हवेतल्या जगण्याला नॉर्वेत ‘फ्रिलुफ्ट्सलिव’ म्हणतात. आपल्या नाट्यवेड्या वाचकांना ऐकायला आवडेल, की हा शब्द इब्सेनच्या १८५९ मधल्या एका कवितेत आलेला आहे. पण शब्दाने सुटी मिळत नाही. स्वीडनने १९३८ मध्ये प्रत्येक कामगाराला दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने दिली आणि १९७७ च्या कायद्याने ती पाच आठवड्यांची केली. जुलैत तिकडचे कारखाने ओस पडतात आणि त्याचे कुणाला काही वाटत नाही. फिनलंडमध्ये उन्हाळी झोपड्या पाच लाखांच्या आसपास आहेत. त्यांतल्या पुष्कळशा ऐषआरामी नाहीत. कित्येकांत नळसुद्धा नाही. माणूस दरवर्षी त्याच झोपडीत जातो, गळके छप्पर नीट करतो, लाकडे फोडतो, बेरी वेचतो, कंटाळतो, आणि चार आठवड्यांनी परततो. त्या सुटीचा गाभा हा कंटाळा आहे असे मला वाटते, आणि नव्वद मिनिटांत कंटाळा येऊ शकत नाही.

जपानमध्ये रजा कागदावर आहे. सहा महिने नोकरी झाली की दहा दिवस आणि पुढे वाढत वाढत वीस दिवसांपर्यंत. पण लोक ती घेत नाहीत. बरीच वर्षे निम्म्याच्या आसपास रजा न घेता वाया जात असे. अखेर २०१९ पासून, निदान पाच दिवस तरी कर्मचारी रजेवर जाईल हे पाहण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली. हक्काची सुटी माणसाने घ्यावी म्हणून मालकाला दंडाची भीती घालावी लागते! अलीकडे प्रमाण साठ टक्क्यांच्या वर गेले आहे, ही त्यातली जमेची बाजू.

आमचे भाचेजावई शुक्रवारी अर्धा दिवस काम करून संध्याकाळी पोचले आणि जेवणानंतर त्या तांबड्या खोलीत पुन्हा लॅपटॉप उघडून बसले.

‘मामा, तुम्ही हसाल,’ ते म्हणाले, ‘पण माझी चौदा दिवसांची रजा शिल्लक आहे.’

‘मग घ्या की. साहेब नाही म्हणतो का?’

‘नाही हो. साहेब तर घ्याच म्हणतो. पण मी रजेवर गेलो की माझं काम शेजारच्या माणसाला करावं लागतं. तो काही बोलत नाही. बोलला असता तर सोपं होतं.’

मला हसू आले नाही. आम्ही बँकवाल्यांनीही रजा साठवूनच ठेवली. निवृत्त होताना २४० दिवसांपर्यंतच्या शिल्लक रजेचे रोख पैसे मिळतात, त्यामुळे ‘रजा घालवली’ हा शब्दप्रयोग आमच्यात नुकसानीच्या अर्थानेच वापरला जाई. मला पूर्ण २४० दिवसांचे मिळाले. रक्कम चांगली होती, हेही सांगितले पाहिजे. पण जपान्यांच्या साठलेल्या रजेला अशी खिडकी नाही. न घेतलेले दिवस दोन वर्षांनी विरून जातात.

दुसरी एक गोष्ट तिकडेच राहिली आहे आणि ती रजेहून मोठी. फिनलंड, स्वीडन, नॉर्वे या देशांत कुणीही माणूस कुणाच्याही मालकीच्या रानातून हिंडू शकतो. विचारायला नको, तिकीट नको. घराच्या अंगणाजवळ जायचे नाही, उभे पीक तुडवायचे नाही. बाकी रान मोकळे. बेरी वेचा, अळंबी वेचा, एखादी रात्र तंबू ठोका. फिनलंडमध्ये मात्र शेकोटी पेटवायला मालकाची परवानगी लागते. नॉर्वेने हा जुना रिवाज १९५७ मध्ये कायद्यात घातला, स्वीडनने १९९४ मध्ये तो राज्यघटनेत नमूद केला. तिथली मोकळ्या हवेतली सुटी या हक्कावर उभी आहे. गरिबातला गरीब माणूसही ती घेऊ शकतो, कारण रानाला दार नाही.

जपानला हे परके होते असे नाही. तिथल्या खेड्यांत ‘इरिआई’ नावाची पद्धत होती. डोंगर साऱ्या गावाचा; गवत कधी कापायचे, सरपण किती न्यायचे, घराच्या छपराचे शाकारण कुणाच्या पाळीचे, हे गाव ठरवी. आपले गायरान डोळ्यांपुढे आणा म्हणजे कल्पना येईल. मेइजी काळात जमिनीचे नवे दप्तर तयार झाले, तेव्हा यातले बरेचसे रान सरकारजमा झाले किंवा खासगी नावांवर चढले. इवाते प्रांतातल्या कोत्सुनागी गावाने अशा हक्कासाठी १९१७ पासून जवळजवळ अर्धशतक कज्जा लढवला. एलिनॉर ओस्ट्रॉम या विदुषींना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. सामायिक मालमत्ता नीट राखता येते हे दाखवणाऱ्या त्यांच्या १९९० च्या ग्रंथात जपानी खेड्यांची उदाहरणे आहेत. आज मळलेल्या पायवाटेवरून जाणाऱ्याला तिथे सहसा कुणी अडवत नाही, पण तो हक्क नव्हे. खासगी रानातून अळंबी उचलली तर जंगल-कायद्याप्रमाणे ती चोरी ठरू शकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी आम्हाला ठिकाणाच्या मागचा उतार दाखवला. विरळणी न झालेल्या सुग्या दाटीवाटीने उभ्या, खाली अंधार आणि एक गवत नाही. हा तुकडा अमक्याचा, तो आता कावासाकीला असतो. तो पलीकडचा एका विधवेचा. आणि त्या वाकड्या झाडापासून वरचा कुणाचा, ते आता सांगता येत नाही. हद्दीचे दगड कुठे पुरले आहेत हे दरीत आता तीन-चार म्हाताऱ्यांनाच माहीत आहे. मालकाचा पत्ता लागत नाही अशी जमीन जपानभर २०१६ च्या अंदाजाप्रमाणे एकेचाळीस लाख हेक्टर भरली. क्युशू बेटाहून अधिक. वारसांनी नोंदच केली नाही, कारण जमिनीला मोल नव्हते. २०२४ च्या एप्रिलपासून अशी नोंद सक्तीची झाली आहे. त्याच वर्षापासून स्थानिक कर भरणाऱ्या प्रत्येकाकडून वर्षाला हजार येन ‘वन-पर्यावरण कर’ घेतला जातो. माझी भाचीही तो भरते. कुणाचे हे ठाऊक नसलेल्या त्या रानाच्या निगराणीला तिचा हजार येनांचा हातभार आहे, आणि त्या रानात पाऊल टाकण्याचा हक्क मात्र तिला नाही. हे मी तिला म्हटले तेव्हा ती म्हणाली, ‘मामा, तू सुटीवर आलायस की तपासणीला?’

त्या ठिकाणच्या व्यवस्थापकांच्या मनात खोल्यांपासून वरच्या खिंडीपर्यंत एक पायवाट काढायची आहे. पाहुण्यांना नव्वद मिनिटांनंतर करायला काहीतरी हवे, आणि वाटेवरची दाटी विरळ करून निघालेले लाकूड नव्या खोल्यांच्या भिंतींना वापरावे, असा विचार आहे. आजोबांना तो फार पसंत आहे. वाट चार मालकांच्या तुकड्यांतून जाते. तिघांनी होकार दिला. चौथा मालक कागदोपत्री १९३० च्या दशकात वारलेला आहे. त्याच्या वारसांची यादी नगरपालिकेच्या मदतीने जमवणे सुरू आहे. आम्ही गेलो तोवर ती एकतीस नावांपर्यंत पोचली होती, त्यांतली दोन ब्राझीलमधली. एकोणीस जणांची उत्तरे आली आहेत.